धातूवर आधी कोण बसणार?

गुडघा बदलायचा म्हटलं की घरोघरी दोन चर्चा होतात. एक खर्चाची, दुसरी कुठल्या कंपनीचा सांधा बसवायचा याची. तुमच्याही घरी झाल्या असतील. आमच्याकडे आईच्या वेळी डॉक्टरांनी तिसरीच काढली, जंतूंची.

तारीख ठरली होती. बहीण रजा टाकून इंदूरहून आली होती. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांना आईच्या पायाच्या बोटांमधल्या चिखल्या दिसल्या आणि त्यांनी ऑपरेशन तीन आठवडे पुढे ढकललं. आई चिडलीच. "एवढ्याशा चिखल्यांसाठी?"

डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, एसटीत ज्याचा रुमाल आधी पडतो, जागा त्याची. शरीरात नवा धातू गेला की तिथेही तसंच असतं."

हीच गोष्ट १९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना या अमेरिकन अस्थितज्ज्ञांनी मांडली होती. धातूवर आपल्या पेशी आधी बसल्या, तर हाड त्याला धरून ठेवतं. जंतू आधी बसले, तर ते स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात, पाण्याच्या बादलीला आतून धरतो ना, तसा. त्याला बायोफिल्म म्हणतात. या थरातल्या जंतूंवर अँटिबायोटिकचा फारसा परिणाम होत नाही. मग पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, कधी बसवलेला सांधाच काढावा लागतो. गुडघा बदललेल्या शंभरांपैकी साधारण एक-दोघांवर ही वेळ येते. पण ज्याच्यावर येते, त्याचं सगळं घर अडकून पडतं.

म्हणून आपल्या पेशींसाठी जागा राखण्याचे प्रयत्न चालू आहेत. हाडात सांधा बसवायच्या सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळण्याची पद्धत जर्मनीत सुरू झाली, त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. हाडाच्या कॅन्सरनंतर बसवायच्या मोठ्या सांध्यांवर काही ठिकाणी चांदीचा मुलामा देतात, कारण चांदी जंतूंना मारक असते. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की सिकाडा या किड्याच्या पंखांवरचे अतिसूक्ष्म खुंट काही जंतूंना नुसत्या स्पर्शाने फाडतात. आता टायटॅनियमवर तसेच खुंट उमटवण्याचं संशोधन चालू आहे. त्यात औषध नाही, फक्त पृष्ठभागाची घडण.

पण प्रत्येकाला मर्यादा आहे. सिमेंटमधलं औषध हळूहळू झिरपून कमी होतं. चांदी जास्त झाली, तर आपल्या पेशींनाही त्रास देते. सगळ्या जंतूंना कायमचं अडवील असा मुलामा अजून नाही.

तोवर रुमाल टाकायचं काम तुमच्याआमच्याकडेच आहे. घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, तर किडका दात, पायाच्या भेगा, चिखल्या, लघवीची जळजळ, यातलं काही लपवू नका, "किरकोळ आहे" म्हणून सोडू नका. साखर आटोक्यात आणा, तंबाखू-विडी बंद करा. ऑपरेशननंतर जखमेतून पाणी येऊ लागलं, लाली वाढली, ताप आला किंवा कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. त्याने दुखणं दबतं आणि तपासणीत जंतू सापडत नाही. थेट सर्जनला दाखवा, त्याच दिवशी.

आणि तारीख पुढे गेलीच, तर रजेचं गणित पुन्हा मांडता येतं. डॉक्टरांवर रागावू नका.