श्यामने कुणाला सांगितले?

गेल्या जुलैमध्ये आमच्याकडे डेन्मार्कहून भाची आली होती. आरहूसला जन्मलेली, तिथेच वाढलेली, वय वर्षे अकरा. तिकडची उन्हाळी सुट्टी जूनअखेरीस सुरू होते, त्यामुळे तिच्या वाट्याला दर वेळी पावसातलेच कोल्हापूर येते : पंचगंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढते आहे आणि घरभर न वाळलेले कपडे. तिची आई आणि आम्हा दोघांतली एक या सख्ख्या बहिणी. भाची मावशीला 'मोस्टर' म्हणते. आम्हाला आधी तो मराठी शब्दाचाच तिकडचा उच्चार वाटला होता. पण डॅनिशमध्ये आईच्या बहिणीला खरोखरच 'मोस्टर' म्हणतात आणि वडिलांच्या बहिणीला 'फास्टर'. मावशी-आत्याचा भेद राखणाऱ्या या भाषेतून 'तू' आणि 'तुम्ही'चा भेद मात्र जवळजवळ गेला आहे. शिक्षकांनाही मुले नावाने हाक मारतात. (वर्गात शिरल्यावर मुले उभी राहिली की आम्हाला अजूनही बरे वाटते, हे इथे कबूल करून टाकतो.)

पावसाने कोंडलेल्या दोन्ही मुलांसाठी, म्हणजे भाची आणि आमचा मुलगा यांच्यासाठी, 'श्यामची आई' काढले. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेल्या या पुस्तकाची प्रकरणे 'रात्रीं'ची आहेत, तेव्हा रोज एक रात्र वाचायची असे ठरले. होता होता पोहण्याची रात्र आली. श्याम भिऊन माळ्यावर लपतो, आई शिंपटीने मारत त्याला बाहेर काढते, तो पोहायला जातो, आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिच्याच डोळ्यांत पाणी येते. वर्गात इथे आमचाही आवाज थोडा ओला होतो.

भाचीने विचारले, ''मग श्यामने कुणाला सांगितलं?''

आम्हाला प्रश्नच कळला नाही. शाळेत कुणाला तरी सांगायला हवे होते, असे तिचे म्हणणे. डेन्मार्कमध्ये मुलांना मारण्याचा आईबापांचा हक्क 1997 साली कायद्याने संपला. आपल्याकडे 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतला मार बंद केला. घरातल्या माराबद्दल तो कायदा बोलत नाही. आम्ही तिला त्या आईची माया समजावून सांगितली, आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये ही तिची तळमळ सांगितली. वीस वर्षे सांगत आलो तेच. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, ''आमच्याकडे काड्यापेट्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. ती पण घरी जात नाही, बाबा मारेल म्हणून. पण त्यात बाबा चांगला होता असं नाही म्हटलेलं.''

अँडरसनची ही गोष्ट 1845ची. म्हणजे बाप तिकडेही मारत होतेच.

तिकडचे सगळे आम्हाला रुचते असे नाही. तान्ह्या मुलांना थंडीत बाबागाडीत घालून घराबाहेर झोपवतात. बहिणीने पहिल्या दिवशी खिडकीवरची नजर हलवली नव्हती. पण हे त्या रात्री सुचले असते तरी उपयोग नव्हता, कारण आमचा मुलगा हसत म्हणाला, ''मला पण बाबांनी मारलं होतं. पाढ्यांवरून.''

ते हसू आमच्या ओळखीचे होते. आमच्यातल्या एकाला आठव्या वर्षी वडिलांनी पाठीला भोपळा बांधून गावच्या विहिरीत ढकलले होते. लग्नकार्यात ही गोष्ट हटकून निघते, सगळे हसतात, आणि ''पण पोहायला आलं की!'' या वाक्याने ती संपते. मुले झोपल्यावर आमच्यातल्या दुसरीने विचारले, बाहेर कुणी काढले? उत्तर यायला वेळ लागला. गड्याने काढले. वडील काठावर उभे होते. इतक्या वर्षांत त्या गोष्टीत गडी कधी आलाच नव्हता.

भाची ऑगस्टमध्ये परत गेली. त्यानंतर एकदा जेवताना आम्ही मुलाला विचारले, पाढ्यांचे तू तेव्हा कुणाला सांगितले होतेस का? तो म्हणाला, ''आजीला. फोनवर.''

म्हणजे दोन वर्षांपूर्वीच. गावी ती एकटी असते. दर रविवारी आमचे बोलणे होते. तिने त्याला काय सांगितले, असे विचारले तर तो आमटी ओरपत म्हणाला, ''काही नाही. रडली.''

पुढच्या रविवारी गावी गेलो. आजीने भाचीची चौकशी केली, भाकरी थापल्या, निघताना पिशवीत शेंगा भरून दिल्या. त्या गोष्टीचा विषय तिने काढला नाही, आम्हीही काढला नाही.