एक तृतीयांश

कॅलिफोर्नियास निघण्यापूर्वी अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी, माझ्यावर एक कामगिरी सोपविली होती. तिकडे स्थायिक झालेल्या त्यांच्या मुलाने खासगी वैमानिकाचा परवाना मिळविला होता आणि सुटीच्या दिवशी तो भाड्याच्या लहान विमानातून हिंडत असे. सांगलीत हळदीच्या अडतीत उभा जन्म घालविलेल्या अण्णांना हा जिवाशी आणि पैशाशी चाललेला खेळ वाटे. "तू बँकेत माणसे पारखलीस. त्याला समजाव," असे त्यांनी बजावले होते. समजाविण्यापूर्वी एकदा त्याच्याबरोबर जाऊन पाहावे, असे मी ठरविले.

जूनमधील एका शनिवारी पुतण्या, सूनबाई आणि मी फुलर्टनच्या विमानतळावर गेलो. जायचे होते लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यापासून सुमारे २२ मैल दूर असलेल्या कॅटालिना बेटावर. परंतु समुद्रावरून आलेल्या ढगांचा करडा थर आकाशात पसरला होता. तासाभराने तो विरळ झाल्यासारखा मला वाटला. "एवढ्या लांबून आलोय, निघू या की," मी म्हणालो. ढगांतून उपकरणांच्या आधारे उडण्यासाठी वेगळी पात्रता लागते. ती त्याच्याकडे नव्हती. "काका, आज नाही जायचे," एवढेच तो म्हणाला. खरे सांगायचे तर मला राग आला. बरोबर आणलेल्या दशम्या आम्ही मोटारीतच खाल्ल्या.

पुढच्या शनिवारी आकाश निरभ्र होते. विमान चार आसनी सेसना १७२. निघण्यापूर्वी त्याने माझे वजन विचारले, डब्याची पिशवीही तोलली. बँकेत सारा जन्म इतरांची पत तोलण्यात गेला. मला स्वतःला कोणी असे तोलले नव्हते. मग हातात यादी घेऊन त्याने विमानाभोवती फेरी मारली. टाक्यांत पट्टी बुडवून इंधन मोजले, तळचे इंधन पारदर्शक पेल्यात काढून त्यात पाणी नाही ना ते पाहिले. काटा भरलेली टाकी दाखवीत असताना हे कशाला, असे मी विचारले. "काट्यावर विसंबायचे नाही, काका."

मला एक मार्चअखेर आठवली. रात्र झाली होती, रोखपाल विश्वासू होता. तिजोरीतील पुडकी न मोजता मी सही केली. दुसऱ्या दिवशी एक पुडके कमी भरले. त्यातला माझा वाटा पगारातून गेला आणि ही गोष्ट मी घरी कोणाला सांगितली नाही.

समुद्र ओलांडताना तो साडेसहा हजार फुटांवर होता. इंजिन बंद पडले तर तेवढ्या उंचीवरून हे विमान तरंगत सुमारे ११ मैल जाते, म्हणजे मध्यावरूनही कोणता तरी किनारा गाठता येतो. हिशेब मी मनातल्या मनात करून पाहिला. बरोबर होता, पण जेमतेम. वारा विरुद्ध असता तर शिल्लक काही उरली नसती. म्हणूनच तरंगजाकिटे आम्ही अंगावर चढविली होती.

या बेटाची मालकी असलेली कंपनी च्युइंग गमचे कारखानदार विल्यम रिगली यांनी १९१९ साली घेतली. पुढे दोन टेकड्यांचे माथे छाटून आणि मधली दरी भरून येथे धावपट्टी तयार झाली. समुद्रसपाटीपासून १,६०२ फूट उंच, लांबी अवघी ३,००० फूट, टोकाला कडा. सुरुवातीचा भाग चढाचा असल्याने उतरल्यावर पलीकडचे टोक दिसतच नाही. पट्टी संपली आणि आता दरीत जाणार, असे वाटून मी पुढचे आसन घट्ट धरले. पुतण्या मात्र शांत होता. हा दृष्टिभ्रम त्याने आधीच वाचून ठेवला होता. चढ संपताच उरलेली पट्टी समोर उलगडली.

तेथील उपाहारगृह बायसनच्या मांसासाठी प्रसिद्ध आहे. १९२४ साली चित्रपटासाठी आणलेल्या त्या रानबैलांचे वंशज आजही बेटावर चरतात. आम्ही बाहेर बाकावर बसून आमचा डबा उघडला. खाली तिन्ही बाजूंना निळा समुद्र, पिवळ्या गवताच्या टेकड्या. दोन वाजता निघायचे, हे त्याने सकाळीच ठरविले होते. मला आणखी बसायचे होते, पण या वेळी मी आग्रह केला नाही.

परतल्यावर विमानाचे भाडे आणि उतरण्याचे शुल्क मी देऊ लागलो. वडीलधारा मीच होतो. त्याने नकार दिला. तेथील नियमानुसार खासगी वैमानिकाने खर्चातील आपल्या वाट्याहून कमी देता कामा नये. आम्ही तिघे, म्हणून एक तृतीयांश त्याचा. नाइलाजाने मी माझा तिसरा हिस्सा दिला.

रात्री अण्णांचा फोन आला. "समजावलेस का त्याला?" पहिल्या शनिवारी काय घडले, ते मी सविस्तर सांगितले, माझ्या रागाचेही सांगितले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, "प्रत्येकी किती पडले?"