लंगोट कुणी धुवायचे?

आमचा मुलगा मे महिन्यात महाडला, त्याच्या आजोळी जन्मला. चाळीस दिवस झाले, गुस्ल झाला आणि जूनच्या अखेरीला आम्ही त्याला घेऊन ताम्हिणी घाटाने पौडला घरी आलो. आमच्यातली एक महाडची, कोकणी घरातली, दुसरा पौडचाच. घाटात समोरची गाडी दिसू नये असा पाऊस होता. मागच्या सीटवर लंगोटांचं गाठोडं होतं. नानांच्या जुन्या लुंग्या आणि नानीच्या मलमलीच्या ओढण्या फाडून, कडा शिवून नानीने छत्तीस लंगोट केले होते.

आम्हाला ते जुनाट वाटले. पुण्याहून आम्ही सहा नव्या पद्धतीचे कापडी डायपर आणले होते. बाहेरून रंगीत, पाणी न झिरपणारं कापड, आत जाड पॅड. दिसायला छान, पण मुळशीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. पॅड तीन-तीन दिवस वाळेनात. वरून कोरडे लागायचे, आत ओल राहायची आणि बाळाने लघवी केली की उग्र वास सुटायचा. नानीचा लंगोट मात्र बांधताना चौपदरी आणि वाळत घालताना एकपदरी. रात्री पंख्याखाली टाकला की सकाळी हातात. उरलीसुरली ओल इस्त्रीने जायची. आठवडाभरात गाठोडं सुटलं आणि नवे डायपर फक्त बाहेर जाताना वापरायचे ठरलं.

वापरून फेकायचे डायपरही आम्ही काही दिवस वापरले. कुणी वापरत असेल तर त्याला नावं ठेवायची नाहीत. प्रत्येक घराची अडचण वेगळी. पण त्यात प्लास्टिक असतं, ओल शोषणारी रासायनिक भुकटी असते. ते कुजत नाहीत आणि जाळले तर घाण धूर होतो. घनकचरा नियमांप्रमाणे ते नीट गुंडाळून वेगळे द्यायचे असतात. पावसाळ्यात मुळेच्या काठाला असे गोळे अडकलेले दिसतात आणि हीच नदी पुढे पुण्याला जाते. मग आमचाच हात आखडला.

खरी अडचण मात्र नमाजची झाली. चाळीस दिवस संपले होते, पाच वेळची नमाज पुन्हा सुरू झाली होती आणि बाळ दिवसातून दहा-बारा वेळा ओलं करत होतं. कधी ओढणी, कधी सलवार, कधी जानमाज.

महाडच्या नानी फोनवर म्हणायच्या, ‘‘मुलगा आहे, नुसत्या दुधावर आहे. पाणी शिंपड आणि नमाज पढ.’’ पौडच्या दादी म्हणायच्या, ‘‘असं कसं? तीन पाण्यांनी धू, तीनदा पीळ, तेव्हा कपडा पाक.’’ दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, आम्ही देशावरचे हनफी. हजरत उम्मे कैस (रजि.) यांच्या तान्ह्या मुलाने, जो अजून अन्न खात नव्हता, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कपड्यांवर लघवी केली. तेव्हा त्यांनी पाणी मागवून त्या जागी शिंपडलं, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. शाफई मत त्यावर उभं आहे आणि ते दूधपित्या मुलापुरतंच. हनफी मतात मुलगा असो की मुलगी, कपडा धुवायचाच.

आमच्या घरात दादींचं चालायचं. म्हणजे लंगोट धुवायचे, आपले कपडे धुवायचे, वाळवायचे, बाळाला पाजायचं आणि पुन्हा वुजू. हे सगळं एकाच बाईने. घरातला पुरुष अजान झाली की स्वच्छ कपड्यांत, अत्तर लावून मशिदीत निघायचा. एका संध्याकाळी तो मगरिब पढून परत आला तेव्हा ती घडी केलेल्या जानमाजवर बसून रडत होती. कोरडा कपडा एकही उरला नव्हता आणि मगरिबची वेळ निघून चालली होती. ‘‘चाळीस दिवस माफ होती तेव्हा बरं होतं,’’ ती म्हणाली. ते ऐकून आम्हा दोघांनाही भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मौलानांना विचारलं. त्यांनी सांगितलं, नमाजचा एक जोड वेगळा ठेवा, तो घालून बाळाला घेऊ नका. तीन पाणी झालं की मनातला वसवसा सोडा. धुऊनही डाग राहिला तर हरकत नाही. मग ते हसून म्हणाले, ‘‘आणि तुम्ही घरी काय करता?’’ प्रेषित (स.) घरात काय करत असत, असं हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं होतं. ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, असं त्यांनी सांगितलं. ही हदीस आम्ही दोघांनी लहानपणापासून ऐकली होती. लंगोटांच्या बादलीपर्यंत ती कधी पोचली नव्हती.

त्या दिवसापासून कामं वाटली. सकाळ-संध्याकाळची बादली पुरुषाची. शी झालेला लंगोट आधी संडासात झटकायचा, मग गार पाण्याचा मारा. गरम पाणी आधी टाकलं तर डाग बसतो. नंतर तीनदा पाणी, तीनदा पिळणं. मशीनला लावायचं ते त्यानंतर. दादी घड्या घालतात, अब्बा दोऱ्यांवर लक्ष ठेवतात. ऊन पडलं की सगळ्यांत आधी त्यांची हाक.

एक चूक आम्हाला महागात पडली. कपडे मऊ राहावेत म्हणून आम्ही शेवटच्या पाण्यात सुगंधी औषध टाकायचो आणि पावडरही सढळ हाताने. बाळाच्या मांड्या लाल झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, साबण कमी करा, पाणी वाढवा. त्या सुगंधी औषधाचा थर कापडावर बसतो आणि कापड ओल शोषत नाही, हे तेव्हा कळलं. आमचं बोअरचं पाणी जड. त्यात वडीचा साबण साका धरतो, म्हणून मोजून पावडरच बरी. साधे सुती लंगोट आठवड्यातून एकदा पातेल्यात उकळतो. प्लास्टिकचा थर असलेले डायपर मात्र उकळायचे नाहीत आणि त्यांना इस्त्रीही करायची नाही. रात्री दर दोन-तीन तासांनी लंगोट बदलायचा. ही पाळी आम्ही आलटून पालटून घेतो. मांड्या आठ-दहा दिवसांत बऱ्या झाल्या.

प्रेषित (स.) आपल्या नातीला, हजरत उमामांना, उचलून घेऊन नमाज पढले. सजद्याला जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा घेत. मूल आणि नमाज यांची घरात फारकत व्हायची गरज नाही, एवढं आम्हाला त्यातून समजलं. बादलीला दुसरा हात लागला तेव्हा आमच्या घरातली मगरिब वेळेवर होऊ लागली.

मुलगा आता चालतो. गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. गाठोडं उकळून, इस्त्री करून तिच्याकडे पाठवलं. छत्तीसातले एकतीस लंगोट अजून धड आहेत. मुलगी असल्यामुळे या वेळी नानी आणि दादी यांचं एकमत आहे : धुवायचंच. पहिल्याच दिवशी दादींनी जावईबापूंना मोरीत नेलं आणि बादली कुठे असते ते दाखवलं.