तांबीचा पंजा

तांबी आमच्याकडे आली तेव्हा वयात आलेली होती. तांबूस अंग, वेटोळी शेपटी, एका कानाला जुना चिरा. रस्त्यावर वाढलेली गावठी कुत्री. माणसांचा तिला भारी लळा, पण पंजाला कुणाचं बोट लागलं की अंग आखडून घ्यायची. आधी ओठांवरून जीभ फिरवायची, मग जांभई द्यायची, मग डोळे फिरवून त्यांतलं पांढरं दाखवायची. ही भीतीची भाषा घरात सगळ्यात आधी आईला कळली.

रस्त्यावर असती तर डांबरावर, खडीवर धावून तिची नखं आपोआप झिजली असती. आमच्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर ती झिजेनात. चालताना टकटक वाजू लागली, वळताना पाय घसरू लागले. वाढलेलं नख सारखं जमिनीला टेकलं की बोटं वर रेटली जातात आणि कुत्र्याची चालच बिघडते. अंगठ्याचं नख तर जमिनीला टेकतच नाही. ते गोल वळत जाऊन मांसात रुतू शकतं.

एका दवाखान्यात दोघांनी तिला दाबून धरलं, तोंड बांधलं आणि नखं कापली. त्यानंतर नुसतं कटर दिसलं तरी ती पलंगाखाली शिरायची.

"आता धरायचं नाही," आई म्हणाली. "तिला नको असेल तर पाय काढून घेऊ दे."

आईने कटर जमिनीवर ठेवलं. तांबीने त्याच्याकडे पाहिलं की उकडलेल्या कलेजीचा तुकडा तिच्यापुढे यायचा. क्रम मात्र पक्का: आधी कटर, मग खाऊ. पावलोव्हच्या कुत्र्यांना खाण्याआधीच्या खुणेनेच लाळ सुटायची, तो नियम इथे भीतीच्या जागी ओढ पेरत होता. खाऊ आधी दाखवला असता, तर तिला खाऊचाच संशय येऊ लागला असता.

मग हात खांद्यावर, खांद्यावरून कोपरावर, कोपरावरून पंजावर. कटरच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून आई तिच्याजवळ बसून खराट्याचे हीर कापायची. तांबीने पाय ओढला की आई लगेच सोडायची. सुटका आपल्या हातात आहे हे उमगल्यावर तिचं पाय ओढणं कमी होत गेलं.

पहिल्या दिवशी एकच नख. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत गाभा असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो. तांबीची नखं काळी, म्हणून आई अगदी पातळ चकत्या काढायची आणि कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायची. रक्त आलंच तर लावायला तुरटीची पूड जवळ असायची. थोडं थोडं वरचेवर कापत राहिलं की तो गाभाही मागे सरकतो. अठरा नखांची पाळी पुरी व्हायला बरेच दिवस लागायचे. आईला घाई नव्हती.

म्हातारपणी तांबीची किडनी बिघडली. सलाईनची सुई पुढच्याच पायाच्या शिरेत लावायची होती. तोंड बांधायची तयारी चालली होती. आईने थांबवलं, हात पुढे केला आणि म्हणाली, "दे बाई." तांबीने पंजा तिच्या हातावर ठेवला. त्या आजारात शेवटपर्यंत तिचं तोंड एकदाही बांधावं लागलं नाही.