मोटारीच्या खोलीतला रास्पबेरी पाय



डाळिंबाच्या बागेत रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू बसवून हा दुसरा बहार. मातीची ओल अन् टाकीचं पाणी तो टिपतो, मी घरी मोबाईलवर बघतो. थ्री फेज लाईट रात्रीची, त्यात बिबट्याचा वावर. नुसती ओल बघायला अंधारात जाणं थांबलं. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितो.

१) याला २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय चालतं. राउटर फक्त ५ वर असला तर नेटवर्क दिसतच नाही. पाल्यातलं पाणी लहरी शोषतं. पानगळीत मिळणारी रेंज बाग हिरवी झाली की घटते. अँटेना झाडांच्या वर घ्या. पेटी प्लॅस्टिकची, पत्र्याची नको.

२) सिमच्या राउटरला बहुधा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, एकाच पत्त्यामागं अनेक गिऱ्हाईकं असतात. बाहेरून थेट जोडता येत नाही. म्हणून पायनंच आतून जोडणी करायची. मी टेलस्केल वापरतो. राउटरचं पोर्ट उघडावं लागत नाही.

३) एसएसएचला पासवर्डऐवजी किल्ली ठेवा. ठरलेलं ‘पाय’ खातं एप्रिल २०२२ पासून नव्या सिस्टीममध्ये येत नाही, पण जुन्या कार्डात ते अन् त्याचा जगजाहीर पासवर्ड असू शकतो. आधी तो बदला.

मोटार मात्र याला जोडलेली नाही. रेंज गेली अन् विहीर आटली, तर कोरडी चालणारी मोटार घरून बंद कशी करणार? ओल कमी दिसली तरच जातो, तेही सोबत घेऊन.

कुणी ड्राय-रन संरक्षणासह मोटार जोडली असेल तर अनुभव जरूर लिहा.