पऱ्हाट्यांचं खत

आमच्या वऱ्हाडात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शिवारभर पऱ्हाट्या पेटतात. गुलाबी बोंडअळीची भीती खरी आहे. उभ्या पऱ्हाट्या वावरात ठेवू नयेत, हे मलाही मान्य. पण हंगामभर झाडानं कमावलेलं एका काडीनं राख करायचं, हे मला बघवत नाही. युरियाचं पोतं आणलं नाही की झाली सेंद्रिय शेती, असं पुष्कळांना वाटतं. तिचं कसब लागतं ते खताच्या ढिगापाशी.

पऱ्हाटी कुजायला फार चिवट. तिच्यात कर्ब भरपूर, नत्र थोडं. नुसती रचून ठेवली तर वर्ष उलटलं तरी तशीच. शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होते, त्यांच्यापुढेही कापसाच्या अन् तुरीच्या काड्यांचा हाच पेच होता. त्यांनी त्या शेतातल्या गाडीवाटांवर पसरल्या. चाकांखाली चुरा झाला, की तो गुरांखाली अंथरायचा, मूत्र मुरू द्यायचं, मग शेण, गोठ्यातली माती अन् राख मिसळून खड्ड्यात भरायचा. तीन महिन्यांत खत! माझ्याकडे चाकांच्या जागी कुट्टीचं यंत्र आलं, बाकी रीत तीच.

ढीग दोन-तीन दिवसांत तापू लागतो. मी मधोमध लोखंडी सळई खुपसून ठेवतो. उपसल्यावर ती मुठीत धरवली नाही, तर काम नीट चाललंय. ५५ अंशांच्या वरची ती धग तणाचं बी मारते, अळीही जगू देत नाही. कच्चं शेणखत टाकणाऱ्यांच्या वावरात हुमणी येते ती या धगीवाचूनच. ओल हातानं बघायची: मूठ आवळली की बोटांच्या फटीत थेंब दिसावा, धार लागू नये. वास नाकाला झोंबला तर नत्र उडून चाललंय, कुट्टी वाढवायची. सडक्या अंड्यांसारखी घाण आली तर आत हवा नाही. कितीही जिवावर आलं तरी ढीग उलथायचाच. पुढे काड्यांवर सूक्ष्म जिवांचा राखाडी, भुकटीसारखा थर धरतो अन् ढिगाला पहिल्या पावसाचा वास येऊ लागतो. पावसात मातीला जो वास सुटतो, तो याच सूक्ष्म जिवांचा.

शेजारचा पोरगा विचारतो, "काका, कुजवायची पुडी टाकली की झालं ना?"

"टाक ना बाबा, मदतच होईल. पण ओल अन् हवा तुलाच सांभाळावी लागेल."

मृगाच्या तोंडावर खत वावरात नेतो. उन्हात पसरून ठेवत नाही. आतला जीव करपतो. जेवढं पसरलं, तेवढ्यावर त्याच दिवशी वखराची पाळी देतो. उरलेला ढीग तुराट्यांनी झाकलेला असतो.