माळ्यावरचा कॉम्प्युटर आणि साडेसत्तावीस रुपये



चातुर्मासाआधी माळा आवरायची माझी जुनी सवय. यंदा पितळी डब्यांमागून ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ निघाला. इंग्लंडच्या सिंक्लेअरचा हा छोटा कॉम्प्युटर डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1986 मध्ये परवान्याने आपल्याकडे आणला. की-बोर्डातच सगळं यंत्र, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि प्रोग्रॅम ठेवायला साधी कॅसेट.

मुलगा म्हणाला, "आई, भंगारात दे." वापरात नसलेलं साठवणं हा परिग्रहच, हे मलाही पटतं. पण देण्याआधी एकदा सुरू करून बघावा, असं मनात आलं.

आमच्या नव्या टीव्हीवर काही दिसेना. मग नातीने तिच्या बाबांचा जुना कॉम्प्युटर मॉनिटर काढला आणि जोडायला स्वस्तातली वायर आणली. पडदा काळाच! सीताबर्डीच्या दुरुस्तीवाल्या दादांनी कारण सांगितलं. स्पेक्ट्रम सेकंदाला साधारण साडेपंधरा हजार रेघा काढतो आणि या मॉनिटरला किमान एकतीस हजारांच्या वर लागतात. वायर बदलून फक्त पिन जुळते, वेग जुळत नाही.

त्यांच्याकडे सीसीटीव्हीचा एक जुना ब्लॅक अँड व्हाइट मॉनिटर पडून होता. तो टीव्हीच्याच वेगाने चालतो. स्पेक्ट्रमच्या आत एक चंदेरी डबी असते. ती चित्राचा सिग्नल टीव्हीच्या 36 नंबरच्या चॅनलवर चढवते. दादांनी तिची सॉकेटकडची जोडणी सोडवली आणि चित्राची तार थेट सॉकेटला जोडली. अ‍ॅडॉप्टर मात्र त्यांनी दोनदा तपासला. 9 व्होल्टचा तर हवाच, पण याची मधली पिन मायनस असते, बहुतेकांची प्लस असते. नावे-जमा उलट झालं की यंत्र जळतं!

बटण दाबलं. पडदा आधी काळा, मग पांढरा, आणि खाली ओळ उमटली, ‘1982 सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड’. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

नातीने विचारलं, "आजोबांचा होता का गं?" हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आणला मी. चालवला तुझ्या आजीने."

मी बी.कॉम. झाले, लग्न झालं आणि डिग्री कपाटात गेली. तेव्हा आमच्या महिला मंडळात अडल्या-नडल्या बाईला 500 रुपये मिळत, दहा हप्त्यांत फेडायचे, महिना एक टक्का व्याज. पण व्याज दहाही महिने पूर्ण 500 वर लावत, म्हणजे एकूण 50 रुपये. मला ते खटकायचं. मुद्दल दर महिन्याला 50 ने कमी होतं, मग फेडलेल्या पैशावर व्याज कशाचं? पण मी सगळ्यांत लहान सून, बोलणार कशी? मुलं झोपल्यावर मी यावर बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहिला. उत्तर आलं, साडेसत्तावीस. तोच तक्ता वहीत उतरवून बैठकीत ठेवला. कुरकुर झाली, पण पुढच्या महिन्यापासून नियम बदलला. अचौर्य व्रत आपण रोज म्हणतो, त्या दिवशी ते मला हिशेबात दिसलं.

कॅसेट आता चालली नाही. लोड होताना मध्येच चूक दाखवून थांबली. पण वहीत सगळ्या ओळी होत्या. मी वाचत गेले, नात टाइप करत गेली. ‘पी’ दाबलं की अख्खा ‘प्रिंट’ शब्द उमटतो, याचं तिला फार हसू आलं.

शेवटी पडद्यावर आलं, 27.5.

ती म्हणाली, "आजी, तू तर प्रोग्रॅमर होतीस!" असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही.

स्पेक्ट्रम आता तिच्या टेबलावर आहे. रोज वापरात आहे, म्हणून परिग्रहाची बोच नाही. तुमच्याही माळ्यावर जुनी वही, जुनं यंत्र असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून बघा. त्यात आपलाच एखादा हिशेब राहिलेला असतो.